सुटी पानं

मिरजेत आमच्या अब्बांचं जिल्दसाजीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. एक लाकडी शिकंजा, दाभणं, मेण लावलेला दोरा, पुठ्ठ्यांची चळत आणि कोपऱ्यात खळीचं पातेलं. खळ शिजवायचं काम अम्मीचं. मैद्याच्या खळीत ती चिमूटभर मोरचूद टाकायची, म्हणजे कसर लागत नाही. ते पातेलं आम्हा मुलांच्या हाताला लागू नये म्हणून त्याला लाल चिंधी बांधलेली असे.

व्यापाऱ्यांच्या खतावण्या, वकिलांची कायद्याची बाडं, शाळांच्या ग्रंथालयांची पुस्तकं असं काम वर्षभर यायचं. रमजानच्या आधी महिनाभर मात्र मोहल्ल्यातल्या फाटक्या कुरआनशरीफच्या प्रती यायच्या. त्या कामाचे अब्बा पैसे मागत नसत. कुणी दिलेच तर मोजून न बघता गल्ल्यात टाकत.

मी शाळेतून आले की जुज लावायला बसायची. दुमडलेल्या कागदांची एक घडी म्हणजे एक जुज. असे जुज एकापुढे एक ठेवून शिवले की किताब होते. जुनी किताब दुरुस्तीला आली की अब्बा ती लगेच उघडत नसत. आधी पाठीवरून बोट फिरवत, शिलाईची भोकं चाचपत. ‘मूँ तो सबीच देखते, पीठ देखना,’ असं म्हणत. पाठ बघून ते सांगत की ही किताब आधी दोनदा बांधलेली आहे, मधला एक जुज गेलेला आहे, दुसऱ्या वेळचा जिल्दसाज घाईत होता. आम्हाला ते जादूसारखं वाटायचं.

ज्या पानांना आता कुठेच जागा नाही, अशी पानं एका स्वच्छ पोत्यात जमा होत. वर्षातून एकदा अब्बा आणि मोहल्ल्यातले दोघे-तिघे ते पोतं कृष्णेवर नेऊन ठंडं करून येत. एकदा त्या पोत्यात मला मराठी पोथीची पानं दिसली. मी विचारलं, ही पण? अब्बा म्हणाले, ‘लिख्या हुआ कागद है बेटा.’ विषय संपला.

हे सगळं आधी सांगायचं कारण, पुढे मी जे शिकले आणि जे केलं, त्याचा हिशेब मला या खोलीतच द्यावा लागला.

इंटरमिजिएटच्या परीक्षेत मला बरे गुण मिळाले आणि चित्रकलेच्या सरांनी डोक्यात भरवलं की कलेचा इतिहास नावाचाही विषय असतो. सांगलीला बी.ए. करून 1996 साली मी बडोद्याला एम.ए.ला गेले. नातेवाइकांत चर्चा झाली. मामूंनी विचारलं, तस्वीर काढणं बरं नाही म्हणतात, मग तस्वीरचा इतिहास शिकणं कशात बसतं? अब्बा म्हणाले, ‘किताबांका काम है.’ त्यांच्या दृष्टीने मी घरचाच धंदा पुढे नेत होते.

बडोद्याहून 1998 साली शिष्यवृत्तीवर एक वर्ष लंडनला. तिथे इस्लामी कलेचा अभ्यास. मी मराठी शाळेत शिकलेली मुलगी. संध्याकाळच्या मदरशात अरबी अक्षरं ओळखायला शिकले तेवढंच. उर्दू वर्तमानपत्रसुद्धा अडखळत वाचायची. नस्तालिक लिपी मला लंडनमध्ये एका गोऱ्या बाईंनी शिकवली. पहिल्या दिवशी त्या कौतुकाने म्हणाल्या, तुमच्या घरी तर फारसीचा वारसा असेलच. मी मान हलवली. खोटंच ते. आमच्या घरी दखनी होती, मराठी होती आणि खळीचा वास होता. पण बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांत आपली जी प्रतिमा असते ती मोडायला हिंमत लागते, आणि ती तेव्हा माझ्यात नव्हती. आपल्यातल्या पुष्कळांना हा अनुभव असेल. इकडे आपण मराठी आहोत हे पटवून द्यायचं, तिकडे आपण ‘पुरेसे’ मुसलमान आहोत हे.

तिथे खरा विषय होता तो पारख. सही नसलेलं चित्र कुणाचं, कोणत्या गावचं, कोणत्या दशकातलं, हे नुसतं बघून सांगायचं. या विद्येचा एक आद्यपुरुष एकोणिसाव्या शतकातला इटालियन, जिओव्हानी मोरेल्ली. मूळचा वैद्यक शिकलेला. त्याचं म्हणणं असं की चेहरा, पोज, रचना यांची नक्कल कुणीही करील. चित्रकाराचा हात ओळखायचा तर कान बघा, नखं बघा. जिथे तो विचार न करता हात चालवतो तिथे तो सापडतो. हे ऐकताना मला अब्बांची आठवण झाली. तोंड सगळेच बघतात, पाठ बघायची. मी घरी पत्र लिहून कळवलंसुद्धा, की तुम्ही करता तेच इथे मोठ्या फीमध्ये शिकवतात.

पुढचा भाग मात्र पत्रात लिहिला नाही. या विद्येच्या दुसऱ्या मोठ्या पंडिताने, बेरेन्सनने, ड्यूव्हीन नावाच्या बड्या चित्रव्यापाऱ्याशी गुप्त करार केला होता. त्याने नाव सांगायचं, व्यापाऱ्याने त्या नावावर विकायचं, आणि नफ्यातला वाटा पंडिताला. कराराची गोष्ट कळल्यावर आम्ही सगळी मुलं हसलो. आपण त्यातले नाही असं प्रत्येकाला वाटलं.

ग्रंथालयात एका टेबलावर दोन प्रचंड खंड असायचे. मार्टिन डिक्सन आणि स्टुअर्ट कॅरी वेल्च यांनी 1981 साली काढलेले. विषय एकच ग्रंथ, शाह तहमास्पचा शाहनामा. फिरदौसीचं ते महाकाव्य आपल्याला रुस्तम-सोहराबच्या गोष्टीपुरतं ठाऊक असतं. त्याची ही प्रत तब्रीझमध्ये 1520 च्या दशकात करायला घेतली. 759 पानं, 258 चित्रं. इराणच्या दरबारातले सगळे मोठे चित्रकार त्यावर राबले. सुलतान मुहम्मद, मीर मुसव्विर, आका मीरक. या मीर मुसव्विरचाच मुलगा मीर सय्यद अली पुढे हुमायूनकडे आला आणि आपल्याकडच्या मोगल चित्रकलेचा पाया घालणाऱ्यांत गणला गेला. म्हणजे तो ग्रंथ आपल्याला अगदीच परका नाही. 1568 साली शाहने तो उस्मानी सुलतान दुसरा सेलीम याला नजर केला. तिथून कसाबसा युरोपात पोचला, पण एकसंध पोचला.

1959 साली आर्थर होटन नावाच्या अमेरिकन धनिकाने तो विकत घेतला. माणूस अडाणी नव्हता. ग्रंथप्रेमी म्हणून त्याची ख्याती. हार्वर्डचं दुर्मीळ ग्रंथांचं ग्रंथालय त्याच्या नावाने आहे. त्यानेच ग्रंथ उसवला. 78 चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली. 1976 साली सात पानं लंडनच्या लिलावात काढली. मग आणखी निघत राहिली. तो 1990 साली वारला. उरलेली 118 चित्रं, मजकुराची पानं आणि रिकामी जिल्द 1994 साली व्हिएन्नाच्या विमानतळावर इराणच्या हवाली झाली. बदल्यात इराणने काय दिलं? तेहरानच्या संग्रहालयात पडून असलेलं, तिथे टांगता न येण्यासारखं, विलेम डी कूनिंगचं एका बाईचं चित्र. ते चित्र पुढे 2006 साली 13 कोटी 75 लाख डॉलरला गेल्याच्या बातम्या आल्या.

हे खंड मी महिनाभर चाळले. वेल्च यांची नजर अफाट. एका पानावर कोणता घोडा उस्तादाचा आणि कोणता शागीर्दाचा हे ते सांगतात आणि आपल्याला पटतं. पण एक गोष्ट तेव्हा मला खटकली नाही, आता खटकते. 258 चित्रांत बहुतेकांवर सही नव्हती. या अभ्यासातून त्यांना नावं मिळाली. आणि नाव मिळालं की पान एकट्याने बाजारात उभं राहू शकतं. ‘शाहनाम्याचं एक पान’ या मालाला एक भाव, ‘सुलतान मुहम्मदचं चित्र’ या मालाला दुसरा. खुद्द वेल्च यांच्या संग्रहातलं एक पान त्यांच्या पश्चात 2011 साली लंडनला 74 लाख पौंडांवर गेलं. 2022 साली आणखी एक 80 लाखांवर. ज्याला ग्रंथ म्हणून बघायचा त्याने आता तेहरान, न्यूयॉर्क, टोरांटो करत हिंडायचं.

असं करणारा होटन पहिला नव्हता. 1330 च्या सुमाराचा एक मोठा मंगोलकालीन शाहनामा पॅरिसच्या डेमोत नावाच्या व्यापाऱ्याच्या हाती लागला होता. त्याने तर कमाल केली. ज्या पानाच्या दोन्ही बाजूंना चित्रं होती, ते पान त्याने मधून सोललं. एका कागदाचे दोन पापुद्रे, दोन चित्रं, दोन गिऱ्हाइकं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कागद सोलताना कसा आवाज होतो हे मला ठाऊक आहे. अस्तर काढताना अब्बांच्या हातून चुकून तसं झालं की ते दोन दिवस कुणाशी बोलत नसत.

1999 च्या शेवटी मी परत आले. संग्रहालयांत जागा नव्हत्या, आणि होत्या तिथे माझी गरज नव्हती. मुंबईत एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे नोकरी मिळाली. मालक सभ्य माणूस. पगार वेळेवर देत, नमाजच्या वेळी खोली मोकळी करून देत. माझं काम आलेल्या चित्रांची पारख करायची आणि प्रत्येकावर अर्धं पान टिपण लिहायचं.

बहुतेक माल खोटा असे. तुम्हीही पर्यटनस्थळांच्या दुकानांत बघितला असेल. जुन्या फारसी-उर्दू पानावर शिकारीचं किंवा चौगानच्या खेळाचं चित्र. कागद खरा जुना, मजकूरही खरा, चित्र मात्र मागच्या महिन्यातलं. ओळखायला सोपं. रंग शाईच्या वर चढलेला असतो. कधी किड्याने पाडलेल्या भोकाच्या आत रंग उतरलेला असतो, म्हणजे भोक आधीचं. आणि मजकूर वाचता आला तर फारच मजा. वर वुजूचे नियम आणि खाली राजा-राणी गच्चीवर बसलेले! मी असली पानं मालकांना दाखवून त्या कारागिरांची टिंगल करायची. हे जुने कागद त्यांना कुठून मिळतात, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही.

2002 साली मराठवाड्यातल्या एका घराण्याचा ग्रंथ आला. जामीच्या यूसुफ-जुलेखाची दखनी प्रत, माझ्या अंदाजाने अठराव्या शतकातली. अकरा चित्रं. थोर नव्हती. चेहरे एका साच्याचे, पण हिरवा रंग असा की बघत राहावं. पहिल्या कोऱ्या पानावर कुणीतरी ‘या कबीकज’ लिहिलेलं. कबीकज हा किड्यांचा राजा, त्याचं नाव लिहिलं की त्याची प्रजा किताबेला तोंड लावत नाही, अशी जुन्या लोकांची समजूत. आमच्या अम्मीच्या मोरचुदाचा हा थोरला भाऊ. मला हसू आलं, कारण कबीकजच्या नावालाच कसर लागली होती.

घरातले तीन भाऊ विकायला आले होते. वाटण्या झाल्या होत्या, एकाच्या मुलीचं लग्न होतं. त्यांना मी दोष देत नाही. एका ग्रंथाच्या तीन वाटण्या कशा करायच्या, हा त्यांचा प्रश्न होता आणि मालकांकडे उत्तर होतं. अख्ख्या ग्रंथाला ते जेवढे मागत होते तेवढे, मालक म्हणाले, चार पानांतच येतील. अख्खा ग्रंथ कोण घेणार? भिंतीवर ग्रंथ टांगता येत नाही. कायद्याची अडचणही नव्हती. 1972 चा पुरावस्तू कायदा पंचाहत्तर वर्षांपलीकडचं हस्तलिखित देशाबाहेर पाठवायला बंदी करतो. देशातल्या देशात परवानाधारक व्यापाऱ्याने ते पान-पान करून विकलं, तर त्याला कोण अडवणार?

माझ्याकडे ग्रंथ तीन दिवस होता. मी मालकांना एकदा म्हटलं, एखाद्या संस्थेला विचारू या. ते म्हणाले, विचार की. मी पत्र लिहिलं, एकच. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं नाही.

पानं मी कापली नाहीत. ते दुसऱ्याने केलं, आणि सफाईने केलं. मी अकरा टिपणं लिहिली. टिपणं चांगली झाली. दोन चित्रांत मला एकच हात दिसला, झाडाच्या बुंध्याच्या गाठी काढायची त्याची एक लकब होती. त्या दोघांना मी नाव दिलं नाही, नाव ठाऊक नव्हतंच. पण ‘या प्रतीतील सर्वांत कसबी चित्रकार’ असं लिहिलं. ती दोन पानं बाकीच्यांच्या दुपटीने गेली. मालकांनी मला पाकीट दिलं. त्याच पैशात त्या वर्षी अब्बांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

मजकुराची दीडशेच्या आसपास पानं उरली. एक दिवस जयपूरकडचा एक माणूस आला आणि गठ्ठा घेऊन गेला. ‘हे काय करणार?’ मी मालकांना विचारलं. ते माझ्याकडे बघून नुसते हसले, आणि मला कळलं.

जिल्द कचऱ्यात जाणार होती. ती मी मागून घेतली. तांबड्या चामड्याची, मधे बदामी ठसा, मागे झाकणाची जीभ. ईदला घरी गेले तेव्हा अब्बांसाठी नेली. वाटलं, खूश होतील.

ऑपरेशननंतर त्यांना सगळं पुन्हा स्वच्छ दिसत होतं. त्यांनी जिल्द उजेडात धरली, चामड्याचा वास घेतला, ठशावरून अंगठा फिरवला. मग सवयीप्रमाणे पाठ. आत अडकलेले दोऱ्याचे तुकडे चिमटीत धरून मोजले. ‘उन्नीस-बीस जुजकी थी,’ म्हणाले. ‘बहुत अच्छा हात था. जुज कां हैं?’

मी सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. विकली म्हटलं, पान-पान. त्यांना आधी समजलंच नाही. कुणी फाडली? असं विचारलं. फाडली नाही, नीट कापली, असं मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच त्या वाक्याचा अर्थ मला ऐकू आला. अम्मी आतून शीरखुर्म्याची वाटी घेऊन आली. अब्बांनी जिल्द मिटली. दोन बोटं जातील एवढी पोकळी होती आत, ती दाबली तर जिल्द करकरली. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘बचे सो पन्ने तो ले के आती. ठंडे करते.’

यावर मी काही बोलले नाही. पाकिटाचं तर कधीच सांगितलं नाही.

ती नोकरी मी पुढच्या वर्षी सोडली. त्यामागे हेच एक कारण होतं असं म्हणणार नाही. तोवर एका महाविद्यालयात शिकवायची जागा मिळाली होती. वर्गाला घेऊन मी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ दाखवायला जायची. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहवरचं, आफताबी कवीचं हे काव्य. 1565 नंतरच्या तीन-चार वर्षांतलं, दख्खनच्या चित्रकलेतल्या अगदी पहिल्या ग्रंथांपैकी. चौदांपैकी बारा चित्रं उरली आहेत, आणि सुलतानाशेजारी बसवलेली राणी खुंजा हुमायून नंतर कुणीतरी रंग फासून झाकली आहे. तरी मजकूर आणि चित्रं एका छपराखाली आहेत, त्यामुळे ती कुठे बसली होती हे कळतं. मुलं आधी राणीला शोधतात. मी त्यांना पानाचा खालचा कोपरा बघायची सवय लावते. जुन्या फारसी प्रतींत उजव्या पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवत. पानांना नंबर नसत, या शब्दानेच जिल्दसाज पानं लावायचा.

त्या अकरा पानांच्या टिपणांत मी ते शब्द लिहिले नव्हते. गिऱ्हाइकाला त्याचं काय? पण माझ्या कच्च्या वहीत पेन्सिलीने आहेत. प्रत्येक चित्राच्या पानाचा पहिला शब्द, अकरा शब्द. सवयीने लिहिले गेले असावेत.

अब्बा 2009 साली गेले. दुकानाच्या खोलीत आता भावाचं झेरॉक्सचं मशीन आहे. जिल्द माझ्याकडे आहे.

काही वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या तळमजल्यावरच्या दुकानात मी चौगानचं एक चित्र बाराशे रुपयांना घेतलं. चार घोडेस्वार, ताजे रंग. वरचा मजकूर यूसुफ-जुलेखाचा. अक्षर तेच वाटतं. कागदही तोच वाटतो. जिल्दीत ठेवून बघितलं तर उंचीला बरोबर बसलं. कोपऱ्यातला शब्द मिळाला असता तर वहीशी ताडून बघता आलं असतं. पण चित्रकाराने भोवती फुलांचा हाशिया घालताना पान खालून दोन बोटं छाटलं आहे.